बागेत कोणाच्या आठवणीत बाकडं किंवा झाड द्यायचं असेल तर काय काय करावं लागतं

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. तेराव्याला सगळे जमले होते तेव्हाच काका म्हणाले की दादा रोज सकाळी ज्या बागेत बसायचा तिथे त्याच्या नावाचं एक बाकडं देऊया, आई म्हणाली बाकडं नको, झाड लावा, शेवटी आम्ही दोन्ही केलं. त्यात बऱ्याच गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून हेच विचारलंय म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

पहिलं काम म्हणजे जागा कोणाची आहे ते बघणं. पुण्यात महापालिकेच्या दोनशेहून जास्त बागा आहेत, त्यातली कुठली असेल तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करायचा. टेकडी मनात असेल तर तिथली बरीचशी जमीन वनखात्याची असते, तिथे आपण आपलं कुदळ घेऊन जाऊन खड्डा खणला असं चालत नाही. एम्प्रेस गार्डन महापालिकेचं नाही, ते अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवते, म्हणजे तिथे त्या संस्थेशीच बोलायचं. आणि स्वतःच्या हाउसिंग सोसायटीच्या बागेत करायचं असेल तरी जनरल बॉडीत ठराव करून घ्या, कारण कमिटी बदलली की नवीन लोक विचारतात हे इथे कोणी ठेवलं. बागेतल्या माळीकाकांशी आधी जरूर बोला, त्यांना कुठे पाणी साचतं, कुठे पाइपलाइन गेलीय, कुठे मुलं क्रिकेट खेळतात सगळं माहीत असतं, पण त्यांच्या तोंडी होकारावर काही आणून ठेवू नका, उद्या वरून कोणी विचारलं तर त्रास त्यांनाच होतो.

अर्जात मोघम लिहिलं की तो फिरत राहतो. कोणाच्या आठवणीत, कुठली बाग, बागेत नेमकी कुठली जागा (मी हाताने नकाशा काढून दोन फोटो जोडले होते), बाकाचं माप आणि मटेरियल, पाटीवर येणारा पूर्ण मजकूर आणि पाटीचं माप, खर्च आम्ही करणार, बसवून आम्ही देणार, आणि पुढे काही तुटलं तर कोणाला फोन करायचा, हे सगळं एका पानात बसवा. झेरॉक्सवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय तिथून निघू नका, पुढच्या प्रत्येक चकरेला तोच नंबर लागतो. आम्ही पहिला अर्ज शिक्का न घेता दिला होता आणि दीड महिन्याने तो सापडतच नव्हता, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्षश्राद्धाला बाक जागेवर हवा असेल तर चार-पाच महिने आधी अर्ज गेलेला बरा. आणि एक गोष्ट लेखी विचारून ठेवा, की पुढे बागेचं नूतनीकरण निघालं तर बाकाचं आणि पाटीचं काय होणार, आम्हाला कळवाल का. आमच्या ओळखीतल्या एका घरी आईच्या नावाची पाटी बागेच्या कामात फरशांबरोबर ट्रॉलीत गेली आणि घरच्यांना दोन महिन्यांनी कळलं, त्या काकूंनी ती पाटी स्वतःच्या पेन्शनमधून केली होती. (बागेला किंवा रस्त्याला नाव देणं ही वेगळी गोष्ट आहे बरं का, ते महापालिकेच्या नाव समितीकडे जातं, आपण इथे फक्त बाकाबद्दल बोलतोय.)

दिलेली वस्तू सार्वजनिक होते हे घरात सगळ्यांनी आधीच बोलून घ्या. त्यावर कोणीही बसणार, कॉलेजची पोरं बसणार, कोणी भेळ खाणार. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 1986 पासून अशी बाकं दत्तक घ्यायची योजना आहे, पाठीवर छोटी पट्टी लावतात, आणि इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी बाक ठराविक वर्षांसाठीच देतात, दहा वर्षं म्हणा, मग घरच्यांना विचारून मुदत वाढवतात. मला ही मुदतीची पद्धत पटते. आपणही मनात दहा-पंधरा वर्षं धरावीत आणि तेवढी वर्षं नीट सांभाळावं. तसं आपल्याला हे काही नवीन नाही, कोणाच्या तरी आठवणीत पार बांधायचा, पाणपोई घालायची हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, पुण्यातल्या शनिपार, नागनाथ पार या जागांची नावं आपण रोज घेतो त्यातला पार म्हणजे शेवटी झाडाखाली लोकांनी बसायची जागाच.

आता बाक कसा असावा. पाठ हवीच, आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला आधार हवा, कारण बागेत सगळ्यात जास्त वेळ बसतात ती म्हातारी माणसं आणि त्यांना बसताना त्रास होत नाही, उठताना होतो. बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट, त्याहून खाली नको. काळा ग्रॅनाइट दिसतो छान पण एप्रिलमध्ये दुपारनंतर त्यावर हात ठेववत नाही, लोखंडाचंही तेच, म्हणून पश्चिमेचं ऊन अडेल अशी जागा शोधा किंवा फिकट रंगाचा दगड घ्या. बैठकीला किंचित उतार नाहीतर मधे फट असू दे, पावसाचं पाणी साचलं की चार महिने कोणी बसत नाही. पाय काँक्रीटमध्ये फूटभर तरी गाडून घ्या, नुसता ठेवलेला बाक डुगडुगतो आणि कोणीतरी उचलून भलतीकडे नेतो. पण हे काँक्रीट झाडाच्या बुंध्याला खेटून ओतायचं नाही. मुळांना हवा आणि पाणी लागतं, दिल्लीत तर 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीट काढून मोकळी करायला सांगितली होती, आपण आपण होऊन तेवढं अंतर सोडूया. आम्ही बाक बाबांच्या ग्रुपला विचारून बसवला, जिथे ते पाच जण उभे राहून गप्पा मारायचे तिथेच, वळणावर, आणि तो कधीच रिकामा दिसत नाही. त्याच बागेत कोपऱ्यातली सुंदर जागा आधी मिळत होती पण तिकडे कोणी फिरकतच नाही.

पाटीवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ती चुकली की रोज डोळ्यांना टोचते. लहान ठेवा, साधारण पोस्टकार्डाएवढी पुरते. पितळेची करू नका, चोरीला जाते. स्टेनलेस स्टीलवर एचिंग (म्हणजे अ‍ॅसिडने अक्षरं कोरणं) किंवा दगडात खोल कोरलेली अक्षरं टिकतात, नुसता रंग भरलेली अक्षरं दोन पावसाळ्यांत उडतात. कोरायला देण्याआधी कागदावर खऱ्या मापात प्रिंट घ्या आणि घरातल्या दोन माणसांना अक्षर अक्षर मोठ्याने वाचायला सांगा. रफार, वेलांट्या, जोडाक्षरं बघा, कारण कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलला की जोडाक्षर फुटतं आणि कोरणारा समोर दिसतं तेच कोरतो. आम्हाला पाटी आली त्यात ‘स्मरणार्थ’ मधला रफार थ वर नव्हता, ण च्या काना वर होता, पूर्ण पाटी परत करून घ्यावी लागली. नावाआधी काय लावायचं तेही घरात ठरवा. सरसकट ‘कै.’ छापून देतात पण वारकरी घरात ‘वै.’ म्हणतात, बौद्ध घरात ‘कालकथित’ म्हणतात, आणि मुस्लिम किंवा ख्रिश्चन माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लावणं बरोबरच नाही. काही न लावता नुसतं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं लिहिली तरी छान दिसतं. खाली देणाऱ्यांची सगळी यादी नको, तीन मुलं, सुना, जावई, नातवंडं लिहित बसलात तर ज्याची आठवण आहे त्याचंच नाव बारीक होतं. आम्ही बाबांच्या नावाखाली एवढंच लिहिलंय, ‘इथे बसून पेपर वाचायचे’, आणि अनोळखी लोक ते वाचून एकमेकांशी बोलायला लागतात हे मी दोनतीनदा स्वतः बघितलंय.

झाडाचं काम बाकापेक्षा स्वस्त आणि जास्त मेहनतीचं. झाड लावणं एका सकाळचं आहे, जगवणं तीन उन्हाळ्यांचं. त्यामुळे आधी घरात हे ठरवा की फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा पाणी घालायला कोण जाणार, त्या माणसाचं नाव ठरलं की मग झाड निवडा.

मोठी जागा असेल तर वड, पिंपळ, उंबर, बागेच्या आतल्या वाटेवर बकुळ, ताम्हण, बहावा, कांचन, कदंब असं काही. आवडतं झाड म्हणून लोक गुलमोहर म्हणतात पण तो मूळचा मादागास्करचा आणि वादळात फांद्या लवकर मोडतात, बाकाच्या वर तर नकोच. आईने बकुळ सांगितला कारण बाबा शर्टाच्या खिशात बकुळीची फुलं ठेवायचे. टेकडीवरची गोष्ट वेगळी, तिथे मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि खडक, आणि वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी मोकळा गवताळ भाग दिसतो तो ओसाड नसतो, तिथले पक्षी आणि किडे त्या गवतावरच जगतात, म्हणून जागा दिसली की झाड लावलं असं करू नका. टेकडीवर रविवारी श्रमदान करणारे ग्रुप आहेत, त्यांच्यात जा, ते परवानगीने काम करतात आणि कुठे काय लावायचं ते त्यांना कळतं. वारज्याला वनखात्याच्या जमिनीवर स्मृतिवन उभं राहिलंय, 5 जून 2020 ला केंद्र सरकारने 200 नगरवनांची योजना जाहीर केली तेव्हा तेच उदाहरण म्हणून दाखवलं होतं, एकदा जाऊन बघून या, उजाड जागेचं काय होऊ शकतं ते दिसतं.

माणूस दिवाळीत गेला तर लगेच झाड लावायची घाई करू नका, जूनपर्यंत थांबा. पुण्यात पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो, पहिले दोनतीन चांगले पाऊस झाले की लावलं तर मुळांना चार महिने मिळतात. तोपर्यंत रोप आणून बाल्कनीत वाढवा. आम्ही डिसेंबरात सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सरीतून रोप आणलं आणि सहा महिने आईने ते गॅलरीत सांभाळलं, सकाळी चहा घेताना पाणी घालायची, त्या सहा महिन्यांत तिला त्याचा फार आधार झाला. रोप निवडताना उंची पाहण्याआधी पिशवीच्या तळाशी बघा, मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते घेऊ नका.

खड्डा किमान दोन बाय दोन बाय दोन फुटांचा, मे महिन्यातच खणून उन्हात तापू दिलेला चांगला. माती, कुजलेलं शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. पिशवी कापून काढायची, तशीच पुरायची नाही, हे सांगायला नको पण मी पाहिलंय. आधाराला बांबू, बांधायला काथ्या, आणि रोपाभोवती आळं करून त्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा पण बुंध्याला चिकटू द्यायचा नाही. उन्हाळ्यात एका वेळी दहा लिटर तरी पाणी हवं, रोज ग्लासभर घातलं तर मुळं वरवरच राहतात. टेकडीवर असेल तर जानेवारीनंतर रोपाभोवतीचं गवत काढून टाका, वणवा लागला की वर्षभराची मेहनत दहा मिनिटांत जाते.

झाडाला खिळा मारून पाटी लावू नका. आंघोळीची गोळी या संस्थेच्या मुलामुलींनी पुण्यात झाडांचे किती खिळे उपसून काढलेत, आपण नवीन ठोकायचे नाहीत. तारेनेही बांधू नका, खोड जाड झालं की तार आत रुतते. पाटी हवीच असेल तर आळ्याच्या बाहेर एका छोट्या दगडावर. आणि हे लक्षात असू द्या की महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना 1975 चा कायदा आहे, एकदा झाड वाढलं की आपण लावलंय म्हणून आपण ते तोडू किंवा हलवू शकत नाही, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे वर विजेच्या तारा आणि खाली ड्रेनेज आहे का ते आधीच बघा.

रक्षा झाडाच्या खड्ड्यात घालावी का हे बरेच जण हळूच विचारतात. नदीत सोडण्यापेक्षा मलाही हे बरं वाटतं, पण राख खारट आणि अल्कलीयुक्त असते, सगळी एकदम रोपाच्या मुळाशी घातली तर रोप जळतं. मूठभर घ्या, भरपूर मातीत आणि कंपोस्टमध्ये मिसळा आणि खड्ड्याच्या तळाशी घाला. सार्वजनिक बागेत हेही विचारूनच करा.

आणि झाड मेलं तर. आमचं पहिलं गेलं, ऑगस्टमध्ये कोणीतरी मोडलं, आई दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून सांगते, एकाच रोपावर सगळा जीव लावू नका, शक्य असेल तर तीन लावा आणि घरी गॅलरीत एक जास्तीचं ठेवा. आम्ही त्याच जागी, त्याच पावसात गॅलरीतला दुसरा बकुळ लावला. त्याचे तीन उन्हाळे पूर्ण झाले, माळीकाका म्हणाले आता पाणी नाही घातलं तरी चालेल, मुळं खाली गेलीत. आई तरी मंगळवारी आणि शनिवारी बाटली भरून घेऊन जाते, आधी बकुळीला घालते, उरलेलं शेजारच्या ताम्हणीला, आणि मग बाबांच्या बाकड्यावर बसून पेपर वाचते.