स्विचचा आयपी बदलला आणि स्विच गायब झाला, तर

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी बहुतेक कारखाने बंद असतात, म्हणून नेटवर्क स्विचला (सगळ्या नेटवर्क केबली येतात तो डबा) हात लावायची माझी कामं त्याच दिवशी. परवा गुरुवारी एका कारखान्यातल्या पोराचा फोन. "दादा, स्विचचा आयपी बदलला, एंटर मारलं आणि स्क्रीन गोठली. स्विच गेला बहुतेक." विचारलं, सीसीटीव्ही दिसतोय का? दिसतोय म्हणाला. म्हणजे स्विच ठणठणीत आहे. आयपी म्हणजे स्विचचा नेटवर्कवरचा पत्ता. ज्या पत्त्यावरून तो बोलत होता तो पत्ताच त्याने काढून घेतला, मग बोलणं तुटणारच.

अशा वेळी टाचणी घेऊन रिसेटच्या भोकाकडे जाऊ नका. स्विच कंपनीच्या मूळ सेटिंगवर जाईल, व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं), ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारं पोर्ट) सगळं पुसलं जाईल आणि शुक्रवारी पहिल्या पाळीचा सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा राहील.

आधी स्वतःचा लॅपटॉप बघा. स्विच १९२.१६८.१.२० वरून १९२.१६८.५०.२ वर गेला आणि लॅपटॉप अजून जुन्याच सबनेटमध्ये (एकमेकांशी थेट बोलणाऱ्या पत्त्यांचा गट) असला, तर भेट व्हायची कशी? लॅपटॉपला हाताने १९२.१६८.५०.७७ द्या, मास्क (सबनेट कुठवर ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. वायफाय बंद करा. (मी एकदा वायफाय चालू ठेवून अर्धा तास भलत्याच नेटवर्कवर पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, मारत बसलो होतो.) केबल थेट स्विचला लावा आणि पिंग मारा.

पिंग येतंय पण ब्राउझरमध्ये स्विचचं सेटिंगचं पान उघडत नाही, तर ब्राउझरचा बुकमार्क जुन्या पत्त्याचा नाही ना ते बघा, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही टाकून पाहा. तरीही नाही, तर स्विचवर 'कुणाला आत घ्यायचं' अशी यादी कुणीतरी लावून ठेवलेली असते आणि तिच्यात फक्त जुनं सबनेट असतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार वेगळाच आहे. शेजारी बसून स्विच सापडतो, पण ऑफिसमधून, दुसऱ्या सबनेटमधून सापडत नाही. इथे दहातल्या आठ वेळा मला गेटवेच (दुसऱ्या सबनेटकडे जायचं दार) सापडलाय. स्विचचा पत्ता बदलला, गेटवे मात्र १९२.१६८.१.१ च राहिला. तुमचं पिंग स्विचपर्यंत पोचतं. स्विचला उत्तर द्यायचंय, पण ज्या गेटवेकडे द्यायचं तो आता त्याच्या सबनेटमध्येच नाही. नुसता आयपी बदलून कधी उठू नका. आयपी, मास्क, गेटवे ही तिन्ही एकाच बैठकीत बघायची. मास्क चुकला तर आणखी गंमत होते. २५५.२५५.२५५.१२८ पडला तर .७७ वाल्याला स्विच सापडतो, .२०० वाल्याला नाही, आणि दोघं एकमेकांना वेड्यात काढतात.

कधी कधी पिंग येतं ते स्विचचं नसतंच. लॅपटॉप नेटवर्कमध्ये दुसरीकडे लावा, या स्विचची नेटवर्ककडे जाणारी केबल काढा आणि पुन्हा पिंग मारा. तरी उत्तर आलं, तर त्या पत्त्यावर दुसरंच कुणी बसलंय. माझ्या एका ठिकाणी हजेरीचं मशिन निघालं. लॅपटॉपच्या कमांड विंडोत 'एआरपी -ए' मारून मॅक पत्ता (यंत्राला कंपनीने दिलेला पत्ता) बघा. त्याची पहिली सहा अक्षरं कंपनीची असतात, स्विचच्या लेबलशी ताडून घ्या. लॅपटॉपने कोणत्या आयपीला कोणता मॅक याची जुनी नोंद धरून ठेवलेली असली तर 'एआरपी -डी' ने ती उडवा.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर कन्सोल, म्हणजे नेटवर्क सोडून वेगळ्या केबलने थेट स्विचमध्ये शिरायचं. केबल पुण्यात तापकीर गल्लीत मिळते, बॅगेत कायम एक ठेवा. पुटीमध्ये (लॅपटॉपवरून स्विचशी बोलायचा प्रोग्रॅम) सिरीयल, वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप १, फ्लो कंट्रोल बंद. काही नव्या मॉडेलना ११५२०० लागतं, स्क्रीनवर कचरा दिसला तर तेच करून पाहा. सिस्कोच्या स्विचवर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' मारा. नवा पत्ता ज्या व्हीलॅनवर दिलाय (समजा ५०) त्याच्यासमोर डाऊन दिसलं, तर आधी ते कुणी शटडाऊन केलंय का बघा, आणि मग त्या व्हीलॅनमधलं एक तरी पोर्ट चालू आहे का ते. एकही नसेल तर तो पत्ता जागाच होत नाही.

माझी स्वतःची फजिती सेव्ह न केल्याची. पत्ता बदलला, पिंग आलं, चहा पिऊन निघालो. पुढच्या गुरुवारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली होतीच. स्विच परत आला तो जुन्या पत्त्यावर, आणि मी धायरीहून भोसरीपर्यंत गाडी हाणत आलो, शिव्या स्विचला देत. रनिंग कॉन्फिग (आत्ता चालू असलेलं सेटिंग) स्टार्टअपमध्ये (स्विच सुरू होताना वाचतो ते) उतरवलंच नव्हतं.

आता त्याच खोडीचा मी फायदा घेतो. सिस्कोवर पत्ता बदलण्याआधी 'रीलोड इन १०' देतो. नव्या पत्त्यावरून आत गेलो तर 'रीलोड कॅन्सल', मग सेव्ह. नाही गेलो, तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून रीस्टार्ट होतो आणि जुन्या पत्त्यावर हजर. फक्त तोवर सेव्ह करायचं नाही. दहा मिनिटांचा चहा.

आत गेलात की मॉनिटरिंगमधला जुना पत्ता बदला आणि रॅकवर मार्करने नवा लिहा. भोसरीतल्या त्या पोराला गेटवेच नडला होता. दुपारी फोन आला, "दादा, आलं पिंग."