परिचारिकेच्या सेवेबद्दल आभारपत्र कसे लिहावे

आभारपत्राची तयारी रुग्णालयात असतानाच सुरू करावी, कारण घरी पोचल्यावर चेहरे आठवतात, पण नावे आठवत नाहीत. वॉर्डात आपण सगळ्यांनाच ‘सिस्टर’ किंवा ‘ब्रदर’ म्हणतो, आणि दर पाळीला माणसे बदलत असल्यामुळे ज्यांनी मध्यरात्री आपल्याला धीर दिला, त्या सिस्टर डिस्चार्जच्या दुपारी बहुधा ड्यूटीवर नसतात. म्हणून त्यांच्या नावाच्या पट्टीवरील नाव, तारीख, पाळी आणि त्यांनी केलेले काम वहीत किंवा मोबाइलमध्ये लगेच टिपून ठेवावे. रुग्णाला ते शक्य नसेल, तर सोबत राहणाऱ्या नातेवाइकाने टिपावे. नाव राहून गेलेच, तर वॉर्ड, खाट क्रमांक, तारीख आणि पाळी तरी लिहावी, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यावरून त्या कोण होत्या हे इन्चार्ज सिस्टरांना शोधता येते.

पत्राचा जीव तपशिलात असतो. ‘त्या देवदूतासारख्या होत्या’ हे वाक्य कितीही मनापासून लिहिलेले असले, तरी त्यांनी नेमके काय केले ते त्यातून कळत नाही, आणि शिकून व सरावाने मिळवलेले त्यांचे कौशल्य मात्र झाकले जाते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची ठरल्या वेळी कूस बदलणे, पाठीची त्वचा लाल झाली आहे का ते पाहणे, सलाईन लावलेला हात सुजल्याचे रुग्णाने सांगण्याआधी ओळखणे, बेडपॅन देताना न विसरता पडदा ओढून घेणे, ही सारी परिचर्या आहे, आणि त्यांचा जिव्हाळा याच कामांतून आपल्यापर्यंत पोचलेला असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच अंथरुणावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये त्यांना तपासले, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या अंगावर शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, नव्हते, आणि न्यायालयाने निकालपत्रात केईएमच्या कर्मचाऱ्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्या सहकारी परिचारिकांच्या मायेबद्दल ही एक वैद्यकीय नोंद जे सांगते, ते विशेषणांना सांगता आले नसते.

पत्रातील मुख्य मजकूर साधारण असा असावा: ‘मी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या रुग्णालयात वॉर्ड क्र. … मध्ये दाखल होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री वेदनेमुळे मला खोकण्याचीही भीती वाटत होती. रात्रपाळीच्या अधिपरिचारिका श्रीमती … यांनी डॉक्टरांना कळवून वेदनाशामक दिले, पोटाशी उशी धरून कसे खोकावे ते दाखवले आणि त्यानंतर न बोलावता पुन्हा येऊन विचारपूस केली. त्यामुळे माझी भीती गेली आणि मला झोप लागली. मी त्यांचा ऋणी आहे. हे पत्र त्यांच्या सेवेच्या नोंदीत ठेवावे, अशी विनंती आहे.’ प्रसंग एकच घ्यावा, पण त्यांनी काय केले आणि त्याने आपल्याला काय फरक पडला, हे दोन्ही त्यात यावे.

काही गोष्टी मात्र पत्रात येऊ देऊ नयेत. भेटीची वेळ संपल्यावर सिस्टरांनी आपल्या मुलीला पाच मिनिटे आत सोडले असेल, तर त्याचे आभार तोंडी मानावेत. कागदावर तो नियमभंग ठरतो आणि त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागू शकतो. ‘इतर सिस्टर मात्र लक्ष देत नव्हत्या’ अशी तुलना टाळावी, आणि तक्रार असल्यास ती वेगळ्या अर्जात करावी.

सरकारी रुग्णालयात पत्र अधिसेविकांच्या, म्हणजे मेट्रनच्या, नावे लिहावे आणि त्याची एक प्रत रुग्णालयाच्या प्रमुखांना द्यावी. हे प्रमुख जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिष्ठाता आणि ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक असतात. पत्र आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी, म्हणजे ते दप्तरी नोंदले जाते. खासगी रुग्णालयात ते नर्सिंग सुपरिंटेंडेंटकडे द्यावे. अभिप्रायाच्या छापील फॉर्मवर चौकटीत खुणा करून थांबू नये. या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की एक प्रत त्या सिस्टरांची पाळी विचारून त्यांच्याच हाती द्यावी, कारण कार्यालयात दिलेले पत्र त्यांच्यापर्यंत पोचेलच असे नाही.

पैशाचे पाकीट देऊ नये. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि भेटी स्वीकारण्यावर त्यात बंधने आहेत. खासगी रुग्णालयातही पाकिटामुळे सिस्टर अवघडतात. अंग पुसणाऱ्या मावशींचा आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांचा उल्लेख पत्रात नावानिशी करावा, त्यांना लेखी आभार सहसा कोणी देत नाही. १२ मे या परिचारिका दिनाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

रुग्ण वाचला नसेल, तरीही नातेवाइकांनी असे पत्र लिहावे. अखेरच्या दिवसांत वडिलांचे ओठ ओले कोणी केले, आईला नावाने हाक मारून औषध कोणी दिले, हे त्यांनी पाहिलेले असते, आणि त्या वेळी लिहिण्याचे बळ कोणाच्याच अंगी नसते. अशा पत्राला मुदत नसते. काही महिन्यांनी मन स्थिर झाल्यावर जुने केसपेपर काढावेत, त्यावरून दाखल झाल्याची तारीख आणि वॉर्ड मिळतो, आणि तेवढ्यावर पत्र लिहिता येते.