आजार जातच नाही, तेव्हा विश्वासातून दिलासा कसा मिळवायचा

आधीच सांगते, चमत्कार कसा मिळवायचा ते यात नाहीये. चार दिवसांत उतरणाऱ्या तापासाठी प्रार्थना करायला सगळ्यांना जमतं. पण संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार), किडनीचं दुखणं, सततची पाठदुखी असलं काही वर्षानुवर्षं अंगात ठाण मांडून बसलं की पंचाईत होते, कारण दर रविवारी चर्चमध्ये "आता कसं आहे?" आणि आपलं उत्तर तेच, मग हळूहळू लोक विचारायचे थांबतात आणि आपणही देवाशी मोकळं बोलायचं सोडून देतो. ते बोलणं परत सुरू कसं करायचं, एवढ्यापुरतंच हे.

सुरुवात तक्रारीपासून करा. हो, तक्रारच. तोंडावर हसू आणून स्तुती करायला बसलात तर दोन मिनिटांत खोटं वाटायला लागतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची, म्हणजे तिथे रडायला रीतसर जागा ठेवलेली आहे. सहावं स्तोत्र घ्या, त्यातला माणूस रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. तेरावं घ्या, सुरुवातीलाच देवाला "कुठवर?" असं चारदा विचारलंय. आणि अगदीच वाईट रात्र असेल तर अठ्ठ्याऐंशीवं. बाकीची बरीचशी विलापगीतं शेवटाकडे जरा सावरतात, हे सावरत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी कुणी त्याच्या शेवटी एखादी गोड ओळ चिकटवली नाही, तसंच्या तसं शास्त्रात ठेवलं. मला तर याचाच फार आधार वाटतो.

करायचं एवढंच, एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, जिथे शत्रू येतो तिथे मनात आपल्या आजाराचं नाव घालायचं, आणि नंतर आपल्या भाषेत एक वाक्य बोलायचं. "देवा, आज बोटं वळत नाहीयेत आणि मला तुझा राग आलाय" हे वाक्य चालतं. क्रूसावर खुद्द येशूने बाविसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ म्हटली होती, माझ्या देवा, माझा त्याग का केलास, त्यामुळे आपण काही नवीन उद्धटपणा करत नाही.

आता ते लोक, जे म्हणतात तुमचा विश्वास कमी पडतोय. हे ऐकून ऐकून माणूस आजारापेक्षा जास्त खचतो म्हणून उत्तर तयार ठेवा. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या शरीरात काटा होता, म्हणजे कसलंसं दुखणं, तो काढ म्हणून त्याने देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर आलं. याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला असं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. आणि या तीमथ्याचं, पौलाच्या तरुण सहकाऱ्याचं, पोट वारंवार बिघडायचं तेव्हा त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव असं नाही सांगितलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल कुणाचं पाप म्हणून विचारलंच, तर येशूने याचंही नाही आणि आईबापाचंही नाही असं साफ सांगितलं. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तेवढंच त्यांनी बरं केलं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. तुमच्याकडे असं कुणी आलं तर वाद घालू नका, "प्रार्थना करा, कारण शोधू नका" म्हणा आणि विषय बदला.

गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकायचं नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

उलट गोळ्यांचीच वेळ प्रार्थनेला वापरा. सकाळी बोटं आखडलेली असतात, स्ट्रिपमधली गोळी अंगठ्याने ढकलली तरी फॉइल फुटत नाही, शेवटी चमच्याच्या टोकाने दाबून काढावी लागते, तोवर डोळ्यात पाणी आलेलं असतं. त्या एक-दोन मिनिटांत लांबलचक प्रार्थना सुचणं शक्य नाही, म्हणून श्वासावरची छोटी प्रार्थना धरा. श्वास आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर". ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये अशा प्रार्थनेची फार जुनी परंपरा आहे. डोकं धुकट झालेलं असेल आणि तेवढंही जमत नसेल तर नुसतं कण्हा, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आपल्याला शब्द सापडत नाहीत तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी मागतो. वाचवत नसेल तर ऑडिओ बायबल लावून पडून ऐका, मध्येच झोप लागली तर लागू द्या. एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, उठ आणि खा म्हणाला, तो खाऊन परत झोपला, मग परत उठवून खायला दिलं. पण मरावंसं वाटणं रोजचं झालं असेल तर डॉक्टरला आणि घरातल्या कुणाला तरी आजच सांगा.

एक गोष्ट सावकाश वाचा, मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली बाई. तिने पुष्कळ वैद्य केले, सगळा पैसा गेला आणि दुखणं आणखी वाढलं हे मार्काने आडपडदा न ठेवता लिहिलंय. आपण बरं झाल्याच्या भागाकडे धावतो, पण त्याच्या पुढच्या भागावर जरा थांबा. ती बरी झालेलीच आहे, आणि तिकडे याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरायला टेकलीये, तिच्यासाठी येशूला न्यायला आलेला बाप शेजारी उभा आहे, तरी येशू गर्दीत थांबतो, कुणी शिवलं ते विचारतो आणि ती त्याला सगळं खरं खरं सांगते. सगळं! ज्याची फाइल जाडजूड झालीये त्यालाच कळेल की आपली पूर्ण हिस्टरी मध्ये न तोडता ऐकून घेणारा भेटणं म्हणजे काय असतं. मग तो तिला "मुली" अशी हाक मारतो. तुम्हीपण तसंच करा, एखाद्या दुपारी पहिल्या लक्षणापासून आजपर्यंतचं सगळं त्याला सांगा, चुकीची निदानं, फुकट गेलेले पैसे, तुटलेली नाती, काही गाळू नका.

मंडळीपासून तुटू नका, पण उपासनेला जाणं झेपत नसेल तर त्याचं ओझंही घेऊ नका. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यानेच मंडळीच्या वडीलजनांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावं असं आहे, म्हणजे फोन करणं हा तुमचा हक्क आहे, कुणाला त्रास देणं नाही. कॅथलिक असाल तर तैलाभ्यंगाचा (आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा) संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी असतो हा समज सोडा, गंभीर आजारात आधीही घेता येतो, आणि आजार वाढला तर परतही. 11 फेब्रुवारीला आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो, 1993 पासून पाळतात, तेव्हा बऱ्याच ठिकाणी खास प्रार्थना असते, विचारून ठेवा. पास्टर किंवा फादर घरी येणार असतील तर फोनवरच स्पष्ट सांगा, अंग कुठल्या वेळी जरा हलकं असतं, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवणार नाही, गाणं एकच म्हणा, पाहुणचार होणार नाही, आणि प्रभुभोजन अंथरुणावरच घेईन.