अॅल्युमिनियम पाण्यातून मऊच येतं! हीट ट्रीटमेंटमधल्या या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बहुतेकांचा हात बसलेला आहे तो बिडावर आणि पोलादावर. पोलाद लाल केलं, पाणी पाजलं की जागेवर कडक. त्याच सवयीने अॅल्युमिनियम हाताळायला गेलं की घोळ होतो.

आमच्याकडे ६०६१ या मिश्रधातूची (मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेलं अॅल्युमिनियम) पहिली बॅच भट्टीतून पाण्यात पडली, तेव्हा मामांनी एका जॉबवर, म्हणजे तुकड्यावर, कानस फिरवली आणि म्हणाले, “मऊच आहे की ओ हे!” आम्ही सगळा माल पुन्हा भट्टीत घातला, पुन्हा पाण्यात टाकला, तरी मऊच. दोन दिवस त्यात गेले, डिझेल जळलं ते वेगळंच.

मऊ यायलाच हवं होतं. ५३० अंश सेल्सिअसला मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अॅल्युमिनियमच्या आत विरघळतात. पाण्यात टाकल्यावर ते तिथेच अडकून राहतात, एवढंच. ताकद येते ती पुढे, १७५ अंशांवर साधारण ८ तास ठेवल्यावर. यालाच एजिंग म्हणतात. त्या वेळात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकायला अडथळा होतो. ओ टेम्परमधलं, म्हणजे पूर्ण मऊ केलेलं ६०६१ सुमारे ५५ मेगापास्कल ताणाला कायमचं वाकतं, टी६ मध्ये, म्हणजे पाणी आणि एजिंग दोन्ही झाल्यावर, तेच २७५ पर्यंत टिकतं. १९०६ साली जर्मनीत धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्मही याच कोड्यात पडला होता. त्याचा तांबं घातलेला मिश्रधातू पाण्यातून मऊ आला आणि दोन दिवस नुसता पडून कडक झाला.

मऊपणाचा फायदाही घ्या. पाण्यात वाकलेली पट्टी तासाभरात सरळ करून टाका. एजिंग झाल्यावर हातोडा घेऊन बसू नका.

दुसरी चूक भट्टी आणि पाण्याची टाकी यांच्यामधली. गरम पाकात साखर जास्त विरघळते, तो सावकाश निवला की खडे धरतो. इथेही तसंच. जॉब क्रेनला लटकवून कुणी गप्पा मारत बसलं की मोठे निरुपयोगी कण आधीच बाहेर पडतात. मग एजिंग कितीही करा, हार्डनेस चढत नाही. पातळ जॉबला ५ ते ७ सेकंदांवर उशीर नको. टाकी भट्टीच्या दारातच हवी. एप्रिलमधे दुपारच्या तिसऱ्या बॅचला पाण्यात हात घालून बघा, कोमटाच्या पुढे गेलेलं असतं. रोल्ड मालाला सुरुवातीचं पाणी ३० अंशांच्या आसपास ठेवा. एलएम२५ या ओतकामाच्या मिश्रधातूच्या कास्टिंगला मात्र तडे जाऊ नयेत म्हणून ६५ च्या पुढचं गरम पाणी मुद्दाम वापरतात, ते वेगळं.

रंगावर तापमान ओळखायची खोड सोडा. अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, तोवर ते लाल होतच नाही. २०२४ नावाचा तांबं घातलेला मिश्रधातू तर जेमतेम ५०० अंश पार करताच आतल्या स्फटिकांच्या सीमेवर वितळू लागतो, आणि तसा जॉब कशानेही सुधारत नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉबजवळ लावा, दाराजवळ नको.

हार्डनेस कमी आला तर वेळ कमी पडला की जास्त झाला, हे डोळ्यांना कळत नाही, त्यात मधे लाईट गेली असेल तर विचारूच नका. एकच जॉब १७५ ला आणखी दोन तास ठेवा. हार्डनेस वाढला तर कच्चा होता, बाकीचेही ठेवा. उतरला तर जास्त शिजला, पहिल्यापासून ५३० ला न्या. ६०६१-टी६ ला हार्डनेस ब्रिनेल मापात ९५ च्या आसपास मिळायला हवा.

५०५२ किंवा एलएम६ घेऊन कुणी “कडक करून द्या” म्हणालं तर सरळ परत पाठवा, हे मिश्रधातू हीट ट्रीटमेंटने कडक होत नाहीत. ५०५२ ला ताकद येते ती थंड रोलिंगने. साध्या प्रेशर डाय कास्टिंगला (दाबाने साच्यात ओतलेल्या जॉबला) ५०० वर नेलं की आत कोंडलेली हवा फुगते आणि अंगावर फोड येतात.

आणि टी६ चं ब्रॅकेट बनवून झाल्यावर त्यावर वेल्डिंग मारू नका. वेल्डच्या बाजूची पट्टी पुन्हा मऊ पडते, आणि पुढे तुटतं ते तिथेच. वेल्ड आधी, हीट ट्रीटमेंट नंतर.