एमजीबी विकत घेताना: गाडीचं खरं साल आणि पत्र्याखालची खरी अवस्था कशी ओळखायची

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यामुळे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हिच्याइतकी सहज मिळणारी आणि सुटे भाग मुबलक असणारी गाडी दुसरी नाही. अडचणही याच मुबलकतेतून येते. अठरा वर्षं बाहेरचा आकार जवळपास तोच राहिल्यामुळे एका सालाचा भाग दुसऱ्या सालाच्या गाडीला बिनबोभाट बसतो. जाहिरातीत '१९६६' लिहिलेल्या गाडीत इंजिन १९७२ चं, ग्रिल १९६३ ची आणि मागचा ॲक्सल भलत्याच गाडीचा, हे रोजचंच आहे.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ होतो, आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची दर वर्षीची तपासणीही सक्तीची राहत नाही. आज प्रत्येक एमजीबी त्या वयाची आहे. म्हणजे समोरच्या गाडीच्या खाली कित्येक वर्षांत कुणी डोकावलेलंही नसेल. बघायला जाण्याआधी नोंदणी क्रमांक घेऊन सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा जुना इतिहास वाचा, तो फुकट दिसतो. गंजाचे शेरे आले आणि पुढच्याच वर्षी नाहीसे झाले असतील, तर वेल्डिंगची बिलं आणि फोटो मागा.

आधी नंबर, मग बाकी सगळं

बोनेट उघडून चॅसिस नंबरची पट्टी शोधा. सुरुवातीची अक्षरं बोलकी असतात. 'जी' म्हणजे एमजी, 'एच' म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचं इंजिन, मग 'एन' असेल तर उघडी दोन आसनी रोडस्टर आणि 'डी' असेल तर जीटी, म्हणजे पक्क्या छपराची. पुढचा आकडा मालिकेचा: ३ म्हणजे १९६७ पर्यंतची पहिली मालिका, ४ आणि ५ त्यानंतरच्या. म्हणजे जीएचएन३ ही पहिल्या मालिकेची रोडस्टर, जीएचडी५ ही शेवटच्या काळातली जीटी. त्यानंतर 'एल' असेल तर गाडी मुळात डाव्या स्टिअरिंगची होती. आज स्टिअरिंग उजवीकडे दिसत असेल, तर बहुधा अमेरिकेतून परत आणून बदललेलं आहे. त्यात वावगं काही नाही. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून आलेली बॉडी इंग्लंडच्या, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वाढलेल्या बॉडीपेक्षा पुष्कळदा सरस असते. फक्त विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगायला हवं.

इंजिनचा नंबर ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. सगळी इंजिनं बी-सिरीजची, १७९८ सीसीची, पण १८जी आणि १८जीए यांच्या क्रँकला तीन मेन बेअरिंग आहेत, तर ऑक्टोबर १९६४ पासूनच्या १८जीबीला पाच. तीनवालं इंजिन हलकं फिरतं आणि काहींना त्याचंच वेड असतं. रोज चालवायची असेल तर पाचवालं घ्या, तळाकडून ते जास्त दणकट आहे. १८व्ही दिसलं तर इंजिन १९७१ किंवा नंतरचं.

सालाच्या खुणा

एप्रिल १९६५ पर्यंतच्या रोडस्टरला दाराची मूठ ओढून उघडायची, त्यानंतर बटण दाबायचं. जीटी आली ऑक्टोबर १९६५ मध्ये. तिचं छप्पर आणि मागचं उघडणारं दार इटलीच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीच्या हातचं. १९६७ च्या अखेरीस दुसरी मालिका आली आणि हा बदल सगळ्यात कामाचा: चारही गिअरना सिंक्रो (गिअर न खरडता पडायची सोय), डायनामोच्या जागी अल्टरनेटर, आणि बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला. त्याआधीच्या गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असते. म्हातारी गाडी दिसली की कुठलंही नवं उपकरण जोडण्याआधी बॅटरीची कुठली तार पत्र्याला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. पुष्कळांनी मधल्या काळात उलटून घेतलेलं असतं, त्यामुळे सालावर विसंबू नका.

१९७० च्या मॉडेलला ब्रिटिश लेलँड या एमजीच्या मालक कंपनीने आत बसवलेली काळी ग्रिल दिली. ती लोकांना आवडली नाही आणि १९७३ च्या मॉडेलपासून क्रोमची चौकट परत आली. सुरुवातीची बोनेट ॲल्युमिनियमची होती, १९७० च्या सुमारास पोलादी झाली. तेव्हा जुन्या गाडीच्या बोनेटला लोहचुंबक चिकटला नाही तर घाबरू नका. दाराखाली चिकटला नाही, तर मात्र आत लांबी (पुट्टी) भरली आहे.

सप्टेंबर १९७४ ला काळे रबरी बंपर आले. अमेरिकेचा नियम होता की ताशी ५ मैलांच्या धडकेत दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत, शिवाय बंपर ठरावीक उंचीवर हवा. नवी बॉडी घडवायला पैसा नव्हता, म्हणून अख्खी गाडीच दीड इंच उचलली आणि पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) काढून टाकला. त्या दोन वर्षांच्या गाड्या वळणावर होडीसारख्या कलतात. १९७७ च्या मॉडेलपासून पुढे-मागे दोन्हीकडे बार आले आणि स्वभाव सुधारला. अमेरिकेत जाणाऱ्या १९७५ पासूनच्या गाड्यांना दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग असे, आणि ताकद मूळच्या ९५ अश्वशक्तीवरून साठ-पासष्टपर्यंत उतरली.

रबरी बंपर काढून क्रोमचे लावलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. ओळखायचं कसं? सीटच्या मागचं झाकण उचला. क्रोम काळातल्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांसाठी दोन पेट्या असतात, रबरी काळात बारा व्होल्टची एकच. मग चाकावरची पोकळी बघा. गाडी खाली न उतरवता नुसते बंपर बदलले असतील तर टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट डोळ्यात खुपते.

व्ही८ चा बिल्ला असलेली रोडस्टर कुणी 'कारखान्याची' म्हणून दाखवली तर विषय तिथेच संपवा. १९७३ ते १९७६ मध्ये ३५२८ सीसीच्या रोव्हर इंजिनच्या २,५९१ गाड्या विकल्या गेल्या, त्या सगळ्या जीटी, आणि त्यांचा चॅसिस नंबर जीडी२डी१ ने सुरू होतो.

खरी तपासणी दाराखाली

आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चॅसिस होती. एमजीचे मुख्य अभियंता सिड एनेव्हर यांच्या हाताखालच्या मंडळींनी एमजीबीला ती ठेवली नाही. बॉडीच सगळा भार घेते. रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरायचं काम दारांखालच्या सिलवर पडतं. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खालून कॅसल रेल असे चार भाग मिळून ती पेटी बनते. पुढच्या मडगार्डच्या मागे चिखल साचतो, तिथून गंज आत शिरतो, आणि बाहेरचा पत्रा चकचकीत असतानाही मधला पडदा पिठासारखा भुगा झालेला असू शकतो.

बघण्याची रीत अशी. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना दाराची मागची फट वर आणि खाली किती आहे ते पाहा. दोन्हीकडे सारखी हवी; वर आवळलेली असेल तर गाडी मधोमध बसायला लागली आहे. मग सिलच्या जॅक पॉइंटला जॅक लावून हळूहळू उचला आणि फटीवर नजर ठेवा. फट हलली किंवा दार उघडताना घासायला लागलं, तर सिल गेली. जॅकच वर घुसू लागला तर लगेच खाली घ्या, जॅक पॉइंटच सडलाय. फक्त जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नका, स्टँड हवेतच.

आता पुढच्या मडगार्डचं खालचं टोक बघा. मूळ गाडीत सिल मडगार्डच्या आतून पुढे जाते आणि मडगार्ड तिच्यावर येतं. सिलचा पत्रा मडगार्डच्या कडेशी येऊन संपत असेल, तर जुन्या गंजावर नुसतं झाकण ठोकलेलं आहे. अशा गाडीची किंमत दोन्ही बाजूंच्या पूर्ण सिलचं काम धरूनच ठरवा. काम करून घ्याल तेव्हा कारागिराला दोन गोष्टी विचारा: कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करणार का, आणि एका वेळी एकच बाजू उघडणार का. दोन्ही सिल एकदम कापल्या की बॉडी वाकते, आणि मग दारं जन्मभर नीट लागत नाहीत.

बाकी गंजाच्या जागा: बॅटरीच्या पेट्या, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) पुढचे टेकू, पायाखालचा पत्रा. पाट्याच्या टेकूजवळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठणठणीत आवाज हवा, भदभद आला तर तिथे थर साचलेत.

बॉडी अगदीच हाताबाहेर गेलेली असेल तरी मार्ग आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून जुन्या साच्यांवर नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. मागच्या मालकाने ती बसवली असेल तर बिल मागा. त्याने गाडीची किंमत वाढते.

यंत्र

इंजिन, गिअरबॉक्स यांना फार घाबरायचं कारण नाही, सगळं दुरुस्त होतं. थंड इंजिन स्वतः चालू करा. आधीच तापवून ठेवलं असेल तर का, ते विचारा. किल्ली फिरवली की मागून एसयू पंपाची टकटक येते आणि कार्ब्युरेटर भरले की थांबते. थांबलीच नाही तर टाकी रिकामी आहे, पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा पंप हवा ओढतोय. टकटक आलीच नाही तर बहुधा पंपाचे पॉइंट जळलेत. गरम इंजिनवर ताशी ५० मैलांना ऑइलचा दाब ५० ते ७० पीएसआय हवा. मंद चालीत १५-२५ चालतो.

रिव्हर्स आणि पुढचा गिअर आलटून पालटून टाका. मागून ठक्क आवाज आला तर बहुतेक वेळा डिफरन्शिअलचे वॉशर झिजलेत, खर्च थोडा. चाकं तारांची असतील तर तो आवाज हबच्या झिजलेल्या दातांचाही असू शकतो, मग चाक आणि हब दोन्ही बदलावे लागतात. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: ब्रेक दाबूनही खेळ (ढिलेपणा) राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यांवर वळतं ते खिळे, गेले, नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग. ग्रीस न मारणं हेच किंगपिनच्या मरणाचं कारण. दर ३,००० मैलांनी, चाक हवेत असताना मारायचं.

घरी आणल्यावर पहिलं काम टॅपेटचं, म्हणजे वाल्व्हची फट लावण्याचं. थंड इंजिनवर गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. नवाचा हिशेब लक्षात ठेवा: आठवा वाल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावा, सातवा दाबलेला असताना दुसरा, म्हणजे बेरीज नेहमी नऊ. ऑइल २०डब्ल्यू५० घाला, झिंक असलेलं. तेच गिअरबॉक्सला आणि तेच एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटला (वरच्या तेलाच्या नळीला). हेडमध्ये कडक वाल्व्ह सीट बसवलेल्या नसतील तर बिनशिशाच्या पेट्रोलने एक्झॉस्ट वाल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो, आणि गॅप दर वेळी कमीच भरत जाते. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगून भेगाळतात, त्या पहिल्या महिन्यातच बदला.

पैसे देण्याआधी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर आणि गाडी कुठे पाठवली ते येतं. इंजिन वेगळं निघालं तर भाव पाडून घ्या, एवढंच. चॅसिस नंबर कागदाशी जुळला नाही, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.