मॅक्वारी बेट रंगवताना या चुका टाळा

टास्मानियाच्या आग्नेयेला दीड हजार किलोमीटरवर, भर दक्षिण महासागरात मॅक्वारी नावाचं चिंचोळं बेट आहे. लांबी जेमतेम ३४ किलोमीटर, झाड एकही नाही. जुने फोटो समोर ठेवून चित्र काढायला बसलात, तर आधी फसवते ती हिरवळ.

मीही फसले. उतारावर सॅप ग्रीनचा, म्हणजे पिवळसर हिरव्याचा, सपाट वॉश (पाणीदार रंगाचा थर) दिला, मधे चार ससे बसवले. चित्र गोड दिसलं, आणि चूक नेमकी तीच होती. ती हिरवळ म्हणजे सशांनी कुरतडून ठेवलेलं बेट. सीलच्या शिकाऱ्यांनी १८७०च्या दशकात खायला म्हणून ससे आणून सोडले. त्याआधी तिथे उंच गवताचे दाट ठोंब होते.

म्हणून वॉश पुरता वाळू द्या. मग कोरड्या ब्रशने बुडापासून पाती ओढा, सगळी वाऱ्याच्या एकाच दिशेला कललेली. ठोंबाच्या बुडाशी पेन्स ग्रे, म्हणजे निळसर करडा, गडद लावा, कारण त्या आडोशाला पेट्रेल या समुद्रपक्ष्यांची बिळं असतात. गवत खुरटलं की आडोसा जातो, बिळं उघडी पडतात. सशांचं नुकसान दाखवायचं असेल तर ससे वाढवू नका, ती सावली पुसा.

सशाला लाल डोळ्यांचा खलनायकही करू नका. त्याला माणसानं आणलं. मांजरंही माणसानंच आणली. पक्षी वाचावेत म्हणून २००० पर्यंत मांजरं संपवली, त्यानंतर ससे लाखावर गेले. २००६मध्ये मोठ्या पावसात सशांनी उघडी पाडलेली दरड कोसळून किंग पेंग्विन गाडले गेले. ससा रंगवाल तर उघडी पडलेली मातीही रंगवा.

एम्परर पेंग्विन इथले नव्हेत. पिवळ्या तुऱ्याचा, पांढऱ्या गालांचा रॉयल पेंग्विन काढा. आकाश निळं नको, ते बहुतेक दिवस ढगांनी भरलेलं असतं.

चित्र कोणत्या सालचं, हे आधी ठरवा. २०१४मध्ये बेट ससे आणि उंदरांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतरचं चित्र असेल तर सशांनी फस्त केलेल्या वनस्पती परत आणा: मॅक्वारी कोबीची भोपळ्याच्या पानांसारखी रुंद, सुरकुतलेली पानं, आणि रुपेरी पानांची डेझी. तिचं फूल गर्द जांभळं असतं. तो जांभळा सगळ्यात शेवटी, न पातळ करता लावा.