फौजेतून कॉलेजात येताय? या चुका टाळा

कामठीचं गार्ड्स सेंटर, वायुसेनानगर आणि काटोल, सावनेर, उमरेडकडची गावं, यांमुळे नागपुरात माजी सैनिकांची वाण नाही. पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी आलेला माणूस 'पुन्हा शिकायचं' म्हणतो, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. पण प्रवेशाच्या हंगामात दरवर्षी त्याच चुका टेबलावर येतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं: हातातला कागद नेमका कशासाठी दिलाय, हे कुणी वाचलेलं नसतं.

'पदवी समकक्ष' म्हणजे पदवी नव्हे

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. केंद्र सरकारने 1986 मध्ये नियम केला. दहावी पास (किंवा आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन मिळवलेल्या) आणि किमान 15 वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, पदवीची अट असलेल्या गट 'क'च्या राखीव केंद्रीय पदांसाठी पात्र धरता येतं. तेही त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नसेल तर. म्हणजे फौजेतून मिळणारा 'पदवी समकक्ष'चा दाखला हा नोकरभरतीचा कागद आहे. त्यावर ना विद्यापीठ, ना विषय, ना गुण. बँकेत क्लार्कच्या भरतीला तो चालतो. एम.ए., एम.बी.ए. किंवा तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या प्रवेशाला चालत नाही.

काटोलकडचे एक निवृत्त हवालदार आठवतात. दहावी झाली आणि थेट भरती. सतरा वर्षं नोकरी. वकील व्हायचं हे मनाशी पक्कं. एका खासगी क्लासने त्यांना "तुमचं ग्रॅज्युएशन झालेलंच आहे" असं सांगून पूर्ण फी घेतली. गृहस्थ पहाटे चारला उठून अभ्यास करायचे. सीईटीत गुणही चांगले पडले. कागदपत्रांच्या पडताळणीत मात्र अर्ज थांबला, कारण पदवीची गुणपत्रिका नव्हती. माझ्याकडे आले तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सर, मी तं ग्रॅज्युएट आहो नं? सरकारनंच लिहून देल्लं."

त्यांना 'नाही' म्हणणं जड गेलं, पण तिथे गोड बोलून काय उपयोग? तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी बार कौन्सिलच्या (वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे खुल्या गटाला पदवीला 45 टक्के लागतात. गुणच नसलेल्या कागदावर टक्के काढणार कुठून? शिवाय त्यांची बारावी नव्हती, आणि बारावीचा पाया नसताना थेट मिळवलेली पदवी बार कौन्सिल ग्राह्य धरत नाही. पदवी दूरस्थ पद्धतीने केलेली चालते, पण दहावी, बारावी, पदवी हा क्रम तुटलेला चालत नाही.

याच काळात त्यांना एक एजंट भेटला होता. परराज्यातल्या विद्यापीठाची बी.ए. 'एका वर्षात', परीक्षेला जायचीही गरज नाही. पैसे द्यायची तयारी झाली होती. अशा माणसांचा मला संताप येतो. ज्याने आयुष्यभर आदेश प्रामाणिकपणे पाळले, त्याच्या हाती खोटा कागद देऊन त्याला उतारवयात गुन्हेगार ठरवायचं? बारावीनंतरची बी.ए. एका वर्षात होत नाही. घाई असणाऱ्या प्रत्येकाला मी हे तोंडावर सांगतो, राग आला तरी.

शेवटी आम्ही 17 नंबरचा फॉर्म भरला. त्यांनी बारावी कला शाखेतून खासगीरीत्या दिली, आता दूरस्थ बी.ए. सुरू आहे. एलएल.बी. त्यानंतर.

माझी सवय सांगतो. समोर कोणीही बसलं की कोऱ्या कागदावर दहावी, बारावी, पदवी असं एकाखाली एक लिहितो आणि ज्याची गुणपत्रिका प्रत्यक्ष हातात आहे त्याच्यापुढे खूण करतो. मधली जागा रिकामी असेल तर पुढच्या कोर्सचं माहितीपत्रक उघडतसुद्धा नाही.

अग्निवीरांनी जुन्या जवानांचं ऐकून ठरवू नये

काका-मामा सांगतात, "फौजेतून आलं की ग्रॅज्युएशन मिळतं." वर सांगितलेला नियम 15 वर्षांच्या सेवेचा आहे, अग्निवीराची सेवा चार वर्षांची, आणि त्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्याच्यासाठी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) वेगळी तीन वर्षांची पदवी आहे. तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणातून धरले जातात. उरलेले निम्मे अभ्यास करून, परीक्षा देऊनच मिळतात, आणि ते सेवेत असतानाच सुरू करावेत. दहावीवर भरती झालेल्यांसाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळामार्फत बारावीची सोय आहे, ती आधी. आणि सेवानिधीची, म्हणजे चार वर्षांनंतर एकदम मिळणारी, रक्कम एखाद्या चकचकीत खासगी कॉलेजच्या फीमध्ये एकदम ओतू नका.

नावातला फरक 'नंतर बघू' म्हणून सोडणं

दहावीच्या सनदेवर ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय'ने सुरू होतो. भरतीच्या वेळी उत्तरेकडच्या क्लार्कने तो 'जी-वाय'ने लिहिलेला असतो. वडिलांचं नाव मधून गळालेलं, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. पेन्शन सुरळीत मिळते म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग प्रवेशाच्या वेळी डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक), आधार आणि सनद तीन वेगळ्या माणसांची वाटतात. सेवेत असाल तर युनिटच्या ऑफिसातून आत्ताच दुरुस्त करून घ्या. निवृत्तीनंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. गार्ड्सवाल्यांचं कामठीलाच आहे, पण महार रेजिमेंटवाल्यांना सागरला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना बेळगावला लिहावं लागतं, आणि वेळ जातो. मी प्रवेशाच्या वर्षभर आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायला सांगतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी काही चुका

सिक्युरिटीची बारा तासांची ड्यूटी करून नियमित कॉलेजला नाव घालू नका. हजेरी भरत नाही आणि परीक्षेचा फॉर्म अडकतो.

दूरस्थ एलएल.बी., दूरस्थ इंजिनिअरिंगची पदवी असं काही मान्य नाही. जाहिरात कितीही मोठी असो.

इग्नूच्या असाइनमेंट मुदतीत द्या. जून आणि डिसेंबरच्या परीक्षा दिल्या तरी असाइनमेंटशिवाय विषय पूर्ण होत नाही.

गॅपचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला आणि मायग्रेशन (आधीचं बोर्ड सोडल्याचं प्रमाणपत्र) आधीच काढून ठेवा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा दाखला शाळेकडून एका फेरीत मिळत नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्ती स्वतःसाठी मागू नका. ती माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी आणि वीरपत्नींसारख्या सैनिकांच्या विधवांसाठी आहे: व्यावसायिक पदवीला मुलांना महिना 2500, मुलींना 3000 रुपये. बारावीला 60 टक्के हवेत आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. बाप स्वतःच्या प्रवेशाच्या धावपळीत असतो आणि मुलीचं ते वर्ष निघून जातं, हे मी पाहिलंय. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवर भरायचा, पण पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. तिथे जाताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) मूळ प्रतीत न्या.